ग्वाल्हेरची वाहिनी आणि देशाची ऊर्जासुरक्षा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील दाल बाजार ही डाळी, धान्य आणि तेलाच्या घाऊक व्यापाराची पेठ. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ येथे पडला, त्या तळाचेच पुढे शहर झाले आणि नाव मात्र लष्कर असेच राहिले. मध्य प्रदेश हरभरा व मसूर पिकविणाऱ्या राज्यांत आघाडीवर असूनही तेथील व्यापाऱ्याला तुरीसाठी म्यानमार आणि मोझांबिककडे, मसुरीसाठी कॅनडाकडे लक्ष ठेवावे लागते. देशात पिकणारी डाळ देशाला पुरत नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये ११,४४० कोटी रुपयांचे कडधान्य स्वावलंबन अभियान मंजूर केले, ते याच कारणाने. आयातीवरील अवलंबित्व डाळीपेक्षा कितीतरी अधिक आहे ते ऊर्जेच्या बाबतीत. आणि देशाच्या वीजव्यवस्थेच्या आजवरच्या सर्वांत मोठ्या पडझडीत नोंदले गेलेले नावही याच शहराचे आहे.

३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी ४०० केव्हीची बीना-ग्वाल्हेर वाहिनी बंद पडली. त्या वर्षी पाऊस लांबला होता. उत्तरेकडील राज्यांत शेतीपंप अखंड चालू होते आणि ही राज्ये आपल्या वाट्यापेक्षा जास्त वीज ग्रिडमधून ओढत होती. पश्चिमेकडील वीज उत्तरेकडे नेणाऱ्या काही वाहिन्या देखभाल व सुधारणेसाठी बंद होत्या. जोडीची दुसरी बीना-ग्वाल्हेर वाहिनीही त्यांत होती. उरलेल्या एका वाहिनीवर इतका भार आला, की संरक्षक यंत्रणेने त्या भारालाच बिघाड समजून वाहिनी तोडली. कोठे तार तुटली नव्हती, आग लागली नव्हती. तरीही काही क्षणांत उत्तर ग्रिड कोसळले आणि सुमारे ३६,००० मेगावॅट भाराचा पुरवठा थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी १ वाजता तीच वाहिनी पुन्हा बंद पडली. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीनही ग्रिडे गेली, सुमारे ४८,००० मेगावॅट भार अंधारात गेला आणि साठ कोटींहून अधिक लोकसंख्येच्या प्रदेशाला त्याची झळ बसली. दिल्लीची मेट्रो थांबली, रेल्वेगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, पश्चिम बंगालमध्ये खाणकामगार खाणीत अडकले आणि त्यांना नंतर सुखरूप बाहेर काढण्यात आले. गोवा व महाराष्ट्र ज्या पश्चिम ग्रिडवर आहेत ते मात्र वेगळे पडून तगले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अध्यक्षांच्या समितीने चौकशी केली. कमकुवत झालेले पारेषण आणि राज्यांची बेशिस्त उचल हीच तिने मुख्य कारणे सांगितली. शत्रूने एक गोळीही न झाडता निम्मा देश थांबू शकतो, हे त्या दोन दिवसांत दिसले. वीज हा संरक्षणाचा विषय आहे असे म्हणण्यासाठी याहून वेगळा पुरावा शोधण्याची गरज नाही.

अवलंबित्वाची दुसरी बाजू समुद्रावर आहे. भारत आपल्या गरजेच्या सुमारे ८८ टक्के खनिज तेल आयात करतो. नैसर्गिक वायूचा जवळपास निम्मा आणि स्वयंपाकाच्या वायूचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून येतो. त्यातील मोठा हिस्सा होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. आखातातील अशांतता भारताला काय किमतीला पडते, याचे स्मरण १९९१ पुरेसे देते. कुवेतवरील आक्रमणानंतर तेलाचे भाव भडकले, परकीय गंगाजळी आटली आणि सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे गहाण ठेवावे लागले. त्या संकटाला इतरही कारणे होती, पण शेवटचा धक्का तेलाचाच होता. आज विशाखापट्टणम (१३.३ लाख टन), मंगळूर (१५ लाख टन) आणि पादूर (२५ लाख टन) येथे खडकांच्या पोटात तेलाचे सामरिक साठे आहेत. तिन्ही भरले, तरी देशाची गरज त्यांवर जेमतेम नऊ-दहा दिवस भागेल.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. सौरऊर्जा वाढली म्हणजे तेलाची आयात आपोआप घटते, असे नाही. भारतात तेलावर वीज फारशी बनतच नाही. सौर पटल विस्थापित करते ते कोळशाला. तेलाची गरज घटण्यासाठी गाड्या, रेल्वे आणि चूल विजेवर यावी लागते. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले, हे या दृष्टीने एखाद्या सौर प्रकल्पाइतकेच महत्त्वाचे म्हणावे लागेल. स्वदेशी वीज आणि ती वापरणारी साधने यांत एकाच वेळी पैसा गुंतवला, तरच होर्मुझचे ओझे हलके होते.

अशा गुंतवणुकीचा धडा मध्य प्रदेशानेच घालून दिला आहे. रीवा जिल्ह्यातील ७५० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाच्या २०१७ मधील लिलावात पहिल्या वर्षाचा दर युनिटला २.९७ रुपये इतका खाली आला. कारण केवळ स्वस्त पटले हे नव्हते. वीज घेणारी कंपनी पैसे थकवील, ही गुंतवणूकदाराची मुख्य भीती असते. रीवात पतपत्र, देयक सुरक्षा निधी आणि राज्य सरकारची हमी असे तीन पदर देऊन ती दूर करण्यात आली. या प्रकल्पाची सुमारे चतुर्थांश वीज दिल्ली मेट्रोला जाते, म्हणजे २०१२ मध्ये थांबलेल्या त्याच मेट्रोला.

तरीही सूर्य मावळतो. दाल बाजारातील व्यापारी पोती गोदामात ठेवून महिनोन्‌महिने भावाची वाट पाहू शकतो. विजेच्या बाबतीत मात्र उत्पादन आणि वापर यांचा मेळ क्षणोक्षणी बसवावा लागतो. म्हणून गुंतवणुकीचा पुढचा टप्पा साठवणुकीचा आहे. ग्वाल्हेरच्या शेजारच्या मुरैना जिल्ह्यात बॅटरीसह सौर प्रकल्प उभा राहत आहे. २०२५ मधील त्याच्या लिलावात युनिटला २.७० रुपये दर निघाला आणि सूर्य नसताना, सर्वाधिक मागणीच्या तासांतही वीज देण्याचे बंधन त्यात आहे. साठवणूक आणि सक्षम पारेषण यांविना नुसती सौर क्षमता वाढविणेही धोक्याचे ठरू शकते. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले. तेथे दोष सौरऊर्जेचा की व्होल्टेज नियंत्रणाचा, यावर बराच वाद झाला, पण ग्रिडवरील खर्च मागे राहिला की काय होते ते दिसले.

अवलंबित्वाचा नवा प्रकारही आहे. सौर पटलाच्या निर्मितीतील प्रत्येक टप्प्यावर जगातील ८० टक्क्यांहून अधिक क्षमता चीनकडे आहे. भारताने एप्रिल २०२२ पासून आयात पटलांवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के सीमाशुल्क लावले, देशी उत्पादनाला प्रोत्साहन अनुदान दिले. पटले आता मोठ्या प्रमाणात येथे जोडली जातात. मात्र त्यांच्या मुळाशी असलेले पॉलिसिलिकॉन आणि वेफर अजून मुख्यतः बाहेरचेच आहेत. फरक इतकाच, की तेलाचे जहाज अडले तर काही दिवसांत पंप कोरडे पडतात. पटलांची आयात अडली, तर नवे प्रकल्प रखडतात, पण बसविलेली पटले पंचवीस वर्षे वीज देत राहतात. दोन्ही अवलंबित्वे सारखी मानणे म्हणूनच योग्य नाही.

गोव्याची स्थिती या सर्वांत विशेष नाजूक. सांकवाळचा नाफ्त्यावर चालणारा ४८ मेगावॅटचा प्रकल्प सोडला, तर राज्यात मोठे वीजनिर्मिती केंद्र कधी नव्हतेच. मध्य प्रदेशातील विंध्याचल, छत्तीसगडमधील कोरबा अशा दूरच्या केंद्रांतील वाट्यावर राज्य चालते आणि ती वीज कोल्हापूर व कर्नाटकाकडून येणाऱ्या मोजक्या वाहिन्यांनी पोहोचते. नवी वाहिनी आणावी, तर मोलेच्या जंगलाचा प्रश्न उभा राहतो. २०२० पासूनच्या तमनार वादाने तो राज्याला चांगलाच परिचित केला. २०५० पर्यंत पूर्णपणे नवीकरणीय ऊर्जेवर जाण्याचा आराखडा राज्याने पुढे ठेवला आहे, आणि केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या घरगुती छतासाठी ७८,००० रुपयांचे अनुदान आहे. छतावर पटले बसविणाऱ्याने मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. बॅटरीविना ग्रिडला जोडलेला संच, दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणून, वीज जाताच आपोआप बंद होतो. भर दुपारच्या उन्हातही तो घरात दिवा लावत नाही.