नांगऱ्याची शिदोरी

इंग्रजी कादंबऱ्यांचे वाचन ज्यांनी हौसेने केले आहे, त्यांच्या मनात इंग्लंडातील खेडेगावच्या 'पब'चे एक ठरावीक चित्र असते. शाकारलेले छप्पर, दारावर झुलणारी रंगीत पाटी, आत धुराने काळवंडलेल्या तुळया, आणि मेजावर पाव, चीज, कांदा व बिअरचा पेला. हे भोजन शतकानुशतके असेच चालत आले असावे, अशी समजूत साहजिकच होते. पण इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहता या चित्रातील घर जुने आणि ताट नवे, असे दिसून येते.

आज ज्यास सरसकट पब म्हणतात, त्याच्या पोटात पूर्वीच्या तीन भिन्न संस्था सामावल्या आहेत. 'इन' म्हणजे पांथशाळा. तेथे वाटसरूस अन्न व निवारा आणि त्याच्या घोड्यास दाणावैरण मिळे. 'टॅव्हर्न' ही मुख्यतः शहरातील द्राक्षमद्याची जागा. राहता राहिला 'एलहाउस', म्हणजे आपल्या भाषेत गावचा गुत्ता. एखाद्या बाईने जवाची 'एल' घरीच तयार करावी आणि ती विक्रीस असल्याची खूण म्हणून दाराशी काठी उभारावी, अशी मध्ययुगातील रीत होती. पुढे इ. स. १५५२ च्या कायद्याने अशा गुत्त्यास मॅजिस्ट्रेटांचा परवाना आवश्यक झाला. चॉसरच्या यात्रेकरूंना लंडनच्या दक्षिण तीरावरील 'टॅबर्ड'मध्ये जे भोजन मिळते, ते पांथशाळेतले होय. त्या मेळ्यात एक नांगऱ्याही आहे खरा. परंतु तो तेथे जेवतो तो यात्रेकरू म्हणून.

आपल्या गावी हाच नांगऱ्या दुपारी कोठे जेवत असे? शेताच्या बांधावर, फडक्यात बांधून आणलेली शिदोरी सोडून. गुत्त्यात तो जाई तो संध्याकाळी, पिण्यासाठी व चार माणसांत बसण्यासाठी. मेज मांडून केलेले जेवण पांथशाळेत, आणि तेही प्रवाशांसाठी किंवा बाजाराच्या दिवशी जमलेल्या सधन शेतकऱ्यांसाठी असे. पुढे पुष्कळ ठिकाणी एकाच छपराखाली मजुरांची खोली निराळी व प्रतिष्ठितांची निराळी झाली. पंक्तिभेद हा केवळ आपल्याकडचाच रोग आहे, असे मानण्याचे कारण नाही.

ती शिदोरी तरी भरलेली होती काय? सुमारे १७६० ते १८३० या काळात पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून गावोगावची सामाईक कुरणे व शेते कुंपणांत घातली. गाय चारण्याचा व सरपण आणण्याचा गरिबाचा आधार पुष्कळ ठिकाणी तुटला. विल्यम कॉबेट याने त्याच काळात कंठशोष करून सांगितले की, मजुराच्या घरातून घरची बिअर व डुकराचे खारवलेले मांस जाऊन तेथे चहा व बटाटा आला आहे. १८३० च्या कायद्याने दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्या गृहस्थास बिअर विकण्याची मुभा दिली, आणि हजारो नवे गुत्ते निघाले. पेला सुलभ झाला. ताट मात्र रितेच राहिले.

पबमध्ये अन्न आणण्याचा नेटाचा उद्योग पुढे मद्यपान आवरू पाहणाऱ्यांनी केला, ही या इतिहासातील गमतीची गोष्ट होय. १८९६ मध्ये चेस्टरच्या बिशपांच्या पुढाकाराने एक संस्था निघाली. तिच्या पबांतील व्यवस्थापकास दारूच्या विक्रीवर कमिशन मिळत नसे. ते अन्नावर व मादक नसलेल्या पेयांवर मिळे. १९१६ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, कार्लाइल भागातील पब सरकारनेच ताब्यात घेतले आणि तेथे जेवणास उत्तेजन दिले. ती व्यवस्था १९७३ पर्यंत चालली.

आणि ते सुप्रसिद्ध 'प्लाउमन्स लंच', नांगऱ्याचे जेवण? पाव व चीज ही जोडी पुरातन आहे, यात शंका नाही. परंतु पबच्या पाटीवर हे नाव रूढ झाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५४ मध्ये चीजवरील रेशनिंग उठले, आणि चीजचा खप वाढविण्यासाठी त्या व्यापारातील मंडळींनी १९५० ते १९७० च्या दरम्यान या नावाचा जाहिरातीने प्रसार केला. १९८३ मध्ये याच नावाचा एक चित्रपट निघाला, त्यात हे ताट बनावट भूतकाळाचे प्रतीक झाले. त्या ताटातील गोड-आंबट लोणचे तर हिंदुस्थानातून गेलेल्या चटणीचे वंशज आहे. चॉसरच्या नांगऱ्यास ते ओळखूही आले नसते!

मग ही परंपरा खोटी म्हणावयाची काय? आम्हांस तसे वाटत नाही. जाहिरातीतून आलेला पदार्थही लोकांनी आपलासा केला म्हणजे त्यांचाच होतो. आक्षेप आहे तो एवढाच की, ज्याच्या नावाने हे ताट विकले जाते, त्याची उपासमार त्या नावाआड लपते. आपल्याकडेही शहरातील उपाहारगृहांत पिठले-भाकरी कौतुकाने वाढली जाते. ती खाताना ज्याच्या घरी भाकरीबरोबर पिठलेही नसे, त्याचे स्मरण किती जणांस होते?

पबमधील खरी जुनी गोष्ट ताटात नाही, ती बैठकीत आहे. १९६७ पासून मद्य पिऊन मोटार हाकणाऱ्याच्या श्वासाची परीक्षा होऊ लागली. तेव्हापासून खेड्यातील अनेक पब स्वयंपाकघराच्या जोरावर तगले, तरी पुष्कळ बंदही पडले. कंबरलँडकडील हेस्केट न्यूमार्केट या खेड्यात २००३ मध्ये गावकऱ्यांनी सहकारी संस्था काढून 'ओल्ड क्राउन' हा पब विकत घेतला. २०११ च्या कायद्याने तर अशी जागा विकावयास निघाल्यास बोली लावण्यासाठी गावास मुदत मिळण्याची सोय केली. केवळ पाव व चीज यांसाठी कोणी भागभांडवल गोळा करीत नाही. संध्याकाळी शेजाऱ्यास भेटावयाची जागा गावात उरावी, एवढ्यासाठी त्या लोकांनी पदरचे पैसे घातले. आणि नांगऱ्याही कामावरून सुटल्यावर तेथे जाई, तो याच ओढीने.