अर्धी राहिलेली विद्या

विलायतेहून परतलेला विद्यार्थी म्हटला, की गळ्यात हार आणि हातात पदवी असेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. १९१७ च्या ऑगस्टात मुंबईस परतलेल्या भीमराव आंबेडकरांच्या हाती मात्र लंडनची पदवी नव्हती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षे शिकून १९१६ च्या ऑक्टोबरात त्यांनी 'लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये नाव घातले होते. पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि वर्ष पुरे होण्याआधीच त्यांना निघावे लागले. महायुद्धाचे दिवस, सामानाची बोट पाणतीराने बुडाली आणि पोटाला चिमटा घेऊन जमविलेले ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तर अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना! पारशी नाव घेऊन एका पारशी विश्रांतिगृहात राहिले. तेथूनही अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले.

पण अभ्यास पुरा करण्यास चार वर्षांची सवलत मिळाली होती. तेवढाच एक धागा. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला, शाहू महाराजांनी व नवल भथेना या मित्राने हात दिला, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाने त्यांना डी.एस्सी. मिळवून दिली.

वर्गात एखादा मुलगा फी थकली म्हणून दप्तर आवरू लागला, की मला ती बुडालेली बोट आठवते. मग त्याला जवळ बसवून मी १९२० सालची गोष्ट सांगतो.