ओवी नेमकी कोणत्या काळाची?

पेटची तयारी करताना 'प्राथमिक साधने' म्हणजे काय, हे तुम्ही पाठ केलं असेल. मीही केलं होतं. त्यात माझी एमएस्सी भौतिकशास्त्रातली, म्हणजे रीडिंग घेतलं, वहीत लिहिलं, झालं. ओव्यांनी माझी ही सवय मोडली.

मराठवाड्यात पिठाची गिरणी आल्यावर बायकांच्या कामात काय बदललं, हा माझा विषय. सुरुवात अंबड तालुक्यातल्या माझ्या आजीपासून केली. मोबाईल समोर ठेवला आणि म्हटलं, आजी, दळताना म्हणायचीस त्या ओव्या सांग. दोन ओव्या झाल्या अन् गाडी अडली. मग कोपऱ्यात पडलेलं जातं मांडलं, मूठभर ज्वारी टाकली. खुंट्याला हात लागला आणि आजी पाऊण तास थांबली नाही. जात्यावर बसल्यावर ओवी सुचते, ही म्हण तिथे अक्षरशः खरी निघाली.

बहुतेक ओव्या माहेराच्या होत्या. आई, भाऊ, माहेरची वाट. मी उत्साहात लिहून टाकलं, 'जुन्या पिढीतील स्त्रियांना यंत्रपूर्व काळाची ओढ दिसते.' नंतर ते वाक्य आजीला वाचून दाखवलं.

"कोण म्हन्लं तुला? कोंबडं आरडायच्या आधी उठून दळायचं कुणाला पायजे परत? गिरणी आली तवा देवच भेटला."

त्या वाक्यावर उभं केलेलं अर्धं प्रकरण गेलं. माझी चूक कुठे झाली ते बघा. ओवीतला काळ, ती जात्यावर म्हटली गेली तो काळ आणि मी रेकॉर्ड केलं तो दिवस, हे तिन्ही मी एकच धरले होते. आजी ही ओवी रोज म्हणायची तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती, माहेर सुटून जेमतेम वर्ष झालेलं. ते होतं गोदावरीपलीकडे, गेवराईच्या बाजूला. म्हणजे तेव्हा तो 'भूतकाळ' नव्हताच. अंतर होतं, आणि मधे नदी. आज सत्तरीपलीकडे तीच ओवी म्हणताना तिला माहेरही आठवतं आणि ती चौदा वर्षांची पोरही.

दुसऱ्या काळाचं साल मात्र सरळ विचारून मिळत नाही. "बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?" असं विचारा, लगेच उत्तर येतं. आमच्या गावात गिरणी दुष्काळानंतर आली, हे असंच कळलं. त्याहून वयस्कर माणसं भेटली तर रझाकारांचा काळ, म्हणजे 1948, ही खूण चालते.

आणि प्रकार जुना म्हणून ओवी जुनी, असंही धरू नका. बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. त्यावरून माझ्या आजीच्या ओवीचं वय ठरत नाही.

गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यातून सुरू केलेल्या संकलनात आज लाखाहून जास्त ओव्या आहेत आणि 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात. तिथे बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या नक्की ऐका. त्याही मागे वळून बघतात, पण हळहळत नाहीत. काय बदललं, कुणामुळे बदललं, हे अभिमानाने सांगतात. सगळ्या आठवणींच्या गाण्यांना 'गतकाळाची ओढ' हे एकच लेबल लावायची घाई मला तेव्हापासून नको वाटते. (गाइडना मात्र हे लेबल अजून आवडतं. असो.)

आता माझ्या एक्सेलमध्ये प्रत्येक ओवीपुढे तीन रकाने आहेत. पहिला आणि तिसरा पटकन भरतो. मधला अजून निम्मा रिकामा आहे. दिवाळीला परत गावी जातेय, येताना रेकॉर्डरसोबत किलोभर ज्वारी आण, असं आजीने बजावलंय.