डॉक्टरचे चेहरे नेमके किती?

बीबीसीवर १९६३ साली सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या नायकाला आयुष्यात किती वेळा चेहरा बदलता येतो? प्रश्न एवढाच आहे. त्यावर शिकलीसवरलेली, नोकरीधंदा सांभाळणारी माणसं गेली पन्नासेक वर्षं हिरिरीने भांडताहेत. कोणत्या भागात कोण काय बोललं याचे दाखले एकमेकांच्या तोंडावर फेकताहेत. मला या भांडणाचा इतिहास मालिकेइतकाच आवडतो. खरं सांगायचं तर थोडा जास्तच. म्हणून आज तोच लिहायला घेतलाय.

घरच्या मंडळींसाठी आधी थोडी ओळख. (जाणकारांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल.) डॉक्टर हा दुसऱ्या ग्रहावरून पळून आलेला एक विक्षिप्त गृहस्थ. पोलीस बॉक्ससारख्या दिसणाऱ्या निळ्या पेटीत बसून तो काळात आणि अवकाशात हिंडतो. पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ ला लागला. ती पहिली कथा दिग्दर्शित करणारा वारिस हुसेन हा लखनौत जन्मलेला, पंचविशीही न गाठलेला मुलगा होता, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल. तीन वर्षांत त्याची तब्येत साथ देईनाशी झाली आणि मालिका तर बंद करायची नव्हती. आपल्याकडे अशा वेळी अपघात होतो, मग प्लास्टिक सर्जरी होते आणि पट्ट्या सोडल्यावर नवा नट दिसतो. १९६६ मध्ये बीबीसीने त्याहून सोपं केलं. डॉक्टर जमिनीवर कोसळला, आणि जो उठून बसला तो पॅट्रिक ट्राउटन होता.

का, कसं, किती वेळा, याचा कसलाही नियम त्या दिवशी नव्हता. ‘रिजनरेशन’ हा आज सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्दसुद्धा मालिकेत पहिल्यांदा आला तो १९७४ मध्ये. डॉक्टर ज्या लोकांमधला, ते ‘टाइम लॉर्ड्स’ १९६९ पर्यंत नावानेही माहीत नव्हते. म्हणजे आधी नट बदलला, मग सवड मिळेल तसं त्याचं शास्त्र तयार झालं.

आता भांडण सुरू व्हायचं तर पुरावा हवा, आणि इथे एक मोठी अडचण होती. बीबीसीने त्या काळातल्या टेप पुसून टाकल्या. टेप महाग, ठेवायला जागा कमी, आणि जुनी कृष्णधवल मालिका पुन्हा कोण बघणार, असा हिशोब. साठच्या दशकात दाखवलेल्या २५३ भागांपैकी नव्वदहून अधिक आजही सापडलेले नाहीत. ज्या भागात हार्टनेलचा ट्राउटन झाला तो भागही त्यातलाच. चेहरा बदलण्याचे तेवढे काही क्षण वाचले, कारण १९७३ मध्ये ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात ती चित्रफीत वापरली होती! बाकी हरवलेल्या भागांचा आवाज मात्र सगळा शिल्लक आहे. घरोघरच्या पोरांनी टीव्हीजवळ टेपरेकॉर्डर लावून तो उतरवून घेतला होता. २०१३ मध्ये नऊ भाग नायजेरियातल्या जोस शहरात सापडले, ही बातमी वाचून मला पेशव्यांचं दफ्तर सापडल्यासारखा आनंद झाला होता. असो.

तर मुद्दा १९७६ सालचा. त्या वर्षी मालिकेचा पटकथा-संपादक होता रॉबर्ट होम्स. (शेरलॉकशी नातं नाही. पण गंमत अशी, की चाहते ‘अधिकृत’ या अर्थी जो ‘कॅनन’ शब्द वापरतात तो शेरलॉकच्याच भक्तांकडून आलाय. १९११ मध्ये रोनाल्ड नॉक्सने बायबलच्या पंडितांची थट्टा म्हणून शेरलॉकच्या कथांची तशाच थाटात चिकित्सा केली, आणि पुढे लोकांनी ती थट्टा गंभीरपणे पुढे चालवली.) या होम्सच्या हाताखालून एकाच वर्षात दोन कथा गेल्या, आणि त्या दोघींचं एकमेकींशी जमत नाही.

पहिली जानेवारीतली, ‘द ब्रेन ऑफ मॉर्बियस’. यात डॉक्टर आणि मॉर्बियस नावाचा खलनायक यांची मनाच्या ताकदीची झुंज लागते. डॉक्टर हरत चाललाय आणि पडद्यावर त्याचे चेहरे मागे मागे जाताना दिसतात. टॉम बेकर, जॉन पर्टवी, ट्राउटन, हार्टनेल. इथे थांबायला हवं होतं. पण हार्टनेलनंतर आणखी आठ अनोळखी चेहरे येतात. ते कोणी नट नव्हते. स्वतः होम्स, निर्माता फिलिप हिंचक्लिफ, दिग्दर्शक ख्रिस्तोफर बॅरी आणि आसपासची मंडळी ऐतिहासिक कपडे आणि दाढ्यामिशा चढवून उभी राहिली होती. हार्टनेलच्या आधीही डॉक्टर होऊन गेले, असंच त्यांना सुचवायचं होतं, हे हिंचक्लिफने नंतर सांगितलंय.

दुसरी कथा ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली, ‘द डेडली असॅसिन’. ही होम्सने स्वतः लिहिलेली. डॉक्टरचा जुना वैरी ‘मास्टर’ याला परत आणायचं होतं. पण ती भूमिका करणारा रॉजर डेल्गाडो १९७३ मध्ये तुर्कस्तानात मोटार अपघातात गेलेला. मग होम्सने मास्टर दाखवला तो सडत चाललेला, हाडांचा सापळा झालेला. का सडतोय? तर टाइम लॉर्डला फक्त बारा वेळा शरीर बदलता येतं, आणि याची बारा संपली. एका खलनायकाच्या अवस्थेला कारण हवं म्हणून आलेला हा आकडा. एखाद-दुसऱ्या संवादापुरता.

तेव्हा या आकड्यावर गदारोळ झाला नाही. गदारोळ झाला तो डॉक्टरचं डोकं पाण्यात बुडवून धरलेलं दाखवत एक भाग संपवला त्यावरून. मेरी व्हाइटहाउस बाईंनी तक्रार केली, बीबीसीला माफी मागावी लागली. चाहत्यांचं दुखणं वेगळंच होतं. त्याच वर्षी स्थापन झालेल्या त्यांच्या सोसायटीच्या अध्यक्षाने या कथेवर सणसणीत टीका लिहिली. टाइम लॉर्ड्स म्हणजे देवासारखे, अगम्य. आणि होम्सने त्यांचे कुरकुरणारे, गुडघे धरून बसणारे म्हातारे कारभारी करून टाकले, मालिकेचा इतिहास धुळीला मिळवला, असा एकूण सूर. तीच कथा आज चाहत्यांच्या लाडक्या कथांमध्ये धरली जाते.

आता जरा हिशोब करू. हार्टनेलपासून टॉम बेकरपर्यंत चार डॉक्टर. मॉर्बियसच्या कथेतले आठ धरले तर बेकर होतो बारावा. बारा वेळा बदल म्हणजे एकूण तेरा देह. मग १९८१ मध्ये आलेला पीटर डेव्हिसन हा तेरावा आणि शेवटचा, आणि १९८४ मध्ये कॉलिन बेकर येऊच शकत नाही! त्यात १९७३ मध्ये संपलेल्या ‘द थ्री डॉक्टर्स’मध्ये हार्टनेलला सर्वांत पहिला म्हटलेलं. तेव्हा आठ चेहरे आणि बाराचा आकडा यांतलं एक काहीतरी टाकणं भाग होतं. चाहत्यांनी चेहरे टाकले. ते मॉर्बियसचेच जुने चेहरे होते, असा अर्थ लावला आणि प्रकरण मिटवलं. पोथीतल्या नको त्या ओव्या आपण जशा ‘प्रक्षिप्त’ म्हणून बाजूला काढतो, अगदी तसं.

यातला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग असा, की हे सगळं बराच काळ आठवणीवर चाललं. पुनःप्रक्षेपण क्वचित, आणि मालिकेची पहिली व्हिडिओ कॅसेट बाजारात आली १९८३ मध्ये. तोवर आधार म्हणजे आपली स्मरणशक्ती आणि टार्गेट प्रकाशनाच्या कादंबऱ्या. कॅसेट आल्यावर पडदा थांबवून तोंडं मोजता येऊ लागली आणि गप्पांचा खटला झाला.

आकडा मात्र फोफावत गेला. १९८३ मध्ये डॉक्टरने स्वतःच्या तोंडाने तो सांगितला. त्याच वर्षीच्या ‘द फाइव्ह डॉक्टर्स’मध्ये टाइम लॉर्ड्स मास्टरला बदलांचा नवा संच देऊ करतात, म्हणजे पळवाटही तयार झाली. १९९६ च्या चित्रपटात तेरा जन्म पक्के झाले. २०१० मध्ये रसेल टी. डेव्हिसने एका जोडमालिकेत डॉक्टरच्या तोंडी ५०७ हा आकडा घातला. उघड उघड थट्टा होती ती, पण वर्तमानपत्रांनी गंभीर बातम्या छापल्या. शेवटी २०१३ मध्ये स्टीव्हन मॉफटने बसून मोजलं. मध्येच जॉन हर्टचा एक लपलेला डॉक्टर निघाला. २००८ मध्ये डेव्हिड टेनंटने चेहरा न बदलता एक बदल खर्च केला होता, तोही धरला. आणि मॅट स्मिथ हाच तेरावा, म्हणजे शेवटचा ठरला. त्या नाताळच्या भागात त्याला नवा संच मिळाला. सदतीस वर्षांपूर्वी एका सडक्या खलनायकासाठी लिहिलेला आकडा फेडायला अख्खा नाताळचा भाग खर्ची पडला!

आणि मग १ मार्च २०२०. ख्रिस चिबनॉलच्या ‘द टाइमलेस चिल्ड्रन’मध्ये कळतं, की डॉक्टर मुळात टाइम लॉर्ड नाहीच. कुठूनतरी सापडलेलं एक अनाथ मूल, शरीर बदलण्याची शक्ती त्याच्यातून काढून इतरांना दिलेली. बाराची मर्यादाही तेव्हाच मुद्दाम घातलेली. आणि जुन्या आठवणी झरझर दिसतात त्यात मॉर्बियसच्या कथेतले ते आठ चेहरे. चव्वेचाळीस वर्षं प्रक्षिप्त ठरलेले पुन्हा मूळ संहितेत!

केवढी चिडाचीड झाली, विचारू नका. इतिहास उद्ध्वस्त केला, ही तीच १९७६ ची तक्रार, जवळजवळ त्याच शब्दांत. त्यातला अर्धा राग मला हास्यास्पद वाटतो, कारण ज्या आकड्याच्या रक्षणासाठी ही मंडळी उभी राहिली तो आकडाच मुळी अशा एका मोडतोडीतून आलेला. पण उरलेला अर्धा राग खरा आहे. डॉक्टर कोणी खास नव्हता. खानदान नाही, भविष्यवाणी नाही. घरच्यांना कंटाळून, पेटी चोरून पळालेला एक सामान्य माणूस, आणि पुढे जे झाला ते स्वतःच्या करणीने. त्याला सगळ्या वंशाचं मूळ करून टाकलं की अशा माणसावर जीव लावून मोठ्या झालेल्यांना आपलं काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटणारच. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. चिबनॉल स्वतः दत्तक मूल आहे, आणि ही कल्पना त्यातूनच आल्याचं त्याने सांगितलंय. २०२३ मध्ये डेव्हिस परतला तेव्हा सगळं पुसून टाकेल अशी अनेकांची आशा होती. त्याने पुसलं नाही. उलट त्याच्या नव्या डॉक्टरने नाताळच्या भागात आपण दत्तक असल्याचं सरळ सांगितलं. माझ्या मते २०२० चा तो भाग कथा म्हणून अशक्त आहे (सगळं भाषणात उरकलंय), पण त्यातला शोध टाकाऊ नाही.

गुंता सुटला का? छे! डॉक्टरची शक्ती मुळात अमर्याद असेल तर २०१३ मध्ये त्याला मिळालं ते काय? यावर चाहत्यांचं उत्तर तयार आहे: स्मृती पुसताना त्याला साधा टाइम लॉर्ड करून टाकलं, मर्यादेसकट. पडद्यावर असं कुणी म्हटलेलं नाही.

होम्स मे १९८६ मध्ये वारला. तेव्हा तो त्या वर्षीच्या लांबलचक कथेचा शेवट लिहीत होता, आणि त्यातला शेवटून दुसरा भाग त्याचा. त्या भागात उघड होतं, की डॉक्टरवर खटला चालवणारा व्हॅलियार्ड हा डॉक्टरच्याच दुष्टपणाचा अर्क आहे, त्याच्या बाराव्या आणि शेवटच्या देहाच्या मधून निघालेला. पुन्हा तोच आकडा. मॉफटच्या मोजणीप्रमाणे ती जागा टेनंट आणि स्मिथ यांच्या मध्ये येते. तिथे असं कोणी निघालेलं दिसलं नाही. होम्सनंतर एरिक सॉवर्डने शेवटचा भाग लिहिला, मग भांडण होऊन तो परत घेतला, आणि पिप व जेन बेकर या जोडप्याला आधीचा मसुदा न दाखवता नवा शेवट लिहायला सांगण्यात आला.