कर्ज थकलं असेल तर अमेरिकेत सिक्युरिटी क्लिअरन्स मिळतो का?

अमेरिकेत सरकारची गोपनीय माहिती हाताळायची असेल, तर सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो. त्यासाठीच्या 'एसएफ-८६' या फॉर्ममध्ये दिवाळखोरी, थकलेली कर्जं आणि न भरलेला कर यांची मागच्या ७ वर्षांची माहिती विचारली जाते.

पैशांची चौकशी कशासाठी?

कर्जात बुडालेला माणूस पैशांसाठी गुपितं विकू शकतो, ही भीती त्यामागे आहे. सीआयएचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स कर्जबाजारी झाला होता. त्याने १९८५ मध्ये सोव्हिएत संघाला माहिती विकायला सुरुवात केली. १९९४ मध्ये त्याला अटक झाली.

मग कर्ज थकलं की दार बंद?

तसं नाही. २०१७ पासून लागू असलेल्या नियमांतली 'गाइडलाइन एफ' थकबाकीसोबत तिच्यामागचं कारणही पाहते. नोकरी गेली, आजारपण आलं, घटस्फोट झाला, अशा हाताबाहेरच्या कारणांचा विचार होतो. मात्र त्यानंतर माणूस जबाबदारीने वागला का, हे महत्त्वाचं. बँकेशी बोलून हप्ते ठरवले, नेमाने भरले आणि पावत्या जपून ठेवल्या, तर अर्जदाराची बाजू भक्कम होते. दिवाळखोरी जाहीर केली म्हणून आपोआप नकार मिळत नाही.

सर्वात मोठी चूक कोणती?

लपवाछपवी. क्रेडिट रिपोर्ट तपासला जातोच, त्यामुळे थकबाकी उघड होते. शिवाय फॉर्ममध्ये जाणूनबुजून खोटं लिहिणं हा गुन्हा आहे. जुनं कर्ज माफ होऊ शकतं, पण खोटेपणामुळे उडालेला विश्वास परत मिळवणं अवघड असतं.