जय भीम कॉम्रेड
जय भीम कॉम्रेड हा आनंद पटवर्धन यांनी दिग्दर्शित केलेला, २०११ साली पूर्ण झालेला माहितीपट आहे. त्याचे चित्रीकरण सुमारे १४ वर्षे चालले. महाराष्ट्रातील दलितांवरील अत्याचार आणि आंबेडकरी शाहिरीची परंपरा हे त्याचे विषय होत.

आशय
११ जुलै १९९७ रोजी मुंबईतील घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधासाठी जमलेल्या लोकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात १० जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, हा पोलिसांचा दावा माहितीपटात पडताळून पाहिला आहे. डाव्या चळवळीने जातीच्या प्रश्नाकडे केलेल्या दुर्लक्षाचीही त्यात चर्चा आहे.

खैरलांजीचा संदर्भ
भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी (तालुका मोहाडी) येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील सुरेखा, प्रियांका, रोशन व सुधीर यांची हत्या झाली. या हत्याकांडाचे आणि त्यानंतर उसळलेल्या असंतोषाचे पडसाद माहितीपटात उमटले आहेत. २००८ मध्ये भंडारा येथील न्यायालयाने सहा जणांना फाशीची व दोघांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र दोन्ही न्यायालयांनी लागू केला नाही. त्यामुळे या हत्येमागील जातीचे कारण न्यायनिर्णयात नोंदले गेले नाही, अशी टीका झाली.

वाद व दिग्दर्शकाची भूमिका
माहितीपटात पुण्याच्या कबीर कला मंचाचे कलावंत गाताना दिसतात. नक्षलवादाशी संबंध असल्याच्या आरोपावरून त्यांच्यापैकी काहींवर कारवाई झाली. गाणे व नाटक यांद्वारे अन्यायाला वाचा फोडणे हा गुन्हा ठरू शकत नाही, अशी भूमिका पटवर्धन यांनी जाहीरपणे मांडली. कलावंतांच्या बाजूने स्थापन झालेल्या बचाव समितीतही त्यांनी पुढाकार घेतला. जानेवारी २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अटकेतील काहींना जामीन मंजूर केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात माहितीपटाचे प्रदर्शन व मंचाचा कार्यक्रम झाल्यानंतर फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांना मारहाण झाली. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी ती केल्याचा आरोप विद्यार्थ्यांनी केला.

प्रदर्शन व सन्मान
काठमांडू येथील फिल्म साउथ एशिया महोत्सवात २०११ साली या माहितीपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. महोत्सवांबरोबरच वस्त्यांमध्ये उघड्यावर पडदा लावूनही त्याचे खेळ करण्यात आले.