कुलूप कसं पारखावं?

गेल्या शनिवारी सकाळी सकाळी आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या काकांचा फोन. ग्रुपचं संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे आणि आता त्यावर सभासदांसाठी लॉगिन हवंय. कुणीतरी एक प्लगिन सुचवलंय. "तू आयटीवाला ना, जरा बघून सांग, चालेल का?"

मी प्लगिनचं पान उघडलं. लाखभर इन्स्टॉल्स, जवळजवळ पाच तारे. "चालेल काका" असं टाईपसुद्धा करून झालं, आणि मग थबकलो. त्या लॉगिनमागे असणार काय? पत्ते, रक्तगट, घरच्यांचे फोन नंबर आणि कोण कुठल्या रविवारी ट्रेकला जाणार याची यादी. म्हणजे कुणाचं घर कधी बंद असणार याचं वेळापत्रकच की!

मग चहा टाकला आणि पासवर्डचा इतिहास वाचत बसलो. आधीच्यांनी कुठे माती खाल्ली ते कळलं की आपण काय तपासायचं तेही कळतं.

सुरुवात एमआयटीपासून. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूनं सीटीएसएस ही प्रणाली बनवली. एकच महागडा संगणक अनेकांनी वाटून वापरायचा, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड. १९६२ मध्ये ॲलन शेर या पीएचडीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला चारच तास मिळायचे आणि ते काही पुरायचे नाहीत. पंचकार्डावर फाइलचं नाव दिलं की ती छापून मिळायची सोय होती. यानं चक्क पासवर्डच्या फाइलचं नाव दिलं, आणि मशीननं ती निमूटपणे छापून दिली!

१९६६ मध्ये तर चोरही लागला नाही. दोन जण एकाच वेळी दोन फाइली संपादित करत होते, तात्पुरत्या फाइलचं नाव मात्र एकच. झाली अदलाबदल. मग जो कुणी लॉगिन करील त्याच्यासमोर रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड!

यातून शिकायचं काय? फाइल कधीतरी बाहेर जाणारच असं धरून चालायचं. म्हणून मूळ पासवर्ड साठवायचाच नाही, त्याचा असा चुरा साठवायचा की उलट जाता येऊ नये. केंब्रिजमध्ये रॉजर नीडहॅम आणि सहकाऱ्यांनी त्याच दशकात ही कल्पना वापरली. युनिक्समध्ये त्यावर चिमूटभर मीठही पडलं. १२ बिटांचं हे 'सॉल्ट' घातलं की एकाच पासवर्डचे ४,०९६ वेगवेगळे चुरे होऊ शकतात.

पण १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी एक गंमत छापली. त्यांनी लोकांचे ३,२८९ पासवर्ड गोळा केले होते. त्यातले तब्बल ८६ टक्के एकतर फार छोटे किंवा सरळ शब्दकोशात सापडणारे. १५ जणांचा पासवर्ड तर एकच अक्षर! माणूस काही बदलत नाही. म्हणून मग अंदाज बांधणाऱ्याला दमवायचं, असा विचार पुढे आला. १९९९ मध्ये आलेल्या बीक्रिप्टमध्ये ही मेहनत हवी तशी वाढवता येते. वर्डप्रेसनं मीठ घालायला सुरुवात केली २००८ मध्ये, आणि बीक्रिप्ट स्वीकारलं ते २०२५ मध्ये.

आता शेवटची गोष्ट, आणि माझा हात थांबला तो खरं तर हिच्यामुळे. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'रियली सिंपल सिक्युरिटी' या प्लगिनमध्ये भोक सापडलं. ४० लाखांहून जास्त संकेतस्थळांवर होतं ते. दुहेरी पडताळणीच्या कोडमध्ये गुप्त आकडा तपासला जायचा. चुकीचा निघाला तर 'चूक' असं उत्तर तयारही व्हायचं, पण ते उत्तर पाहून थांबायचं कुणी? कोड तसाच पुढे जायचा आणि समोरच्याला आत घ्यायचा. रखवालदारानं "पास खोटा आहे" म्हणावं आणि दार उघडून द्यावं, तसं. आणि कहर म्हणजे, ज्यांनी ही जादा सुरक्षा चालू केली होती त्यांनाच धोका! ९.१.२ या आवृत्तीत दुरुस्ती झाली.

तर माझे तीन प्रश्न ठरले. पासवर्ड हे प्लगिन स्वतः साठवतं की वर्डप्रेसवर सोपवतं? तपासणी फसली की कोड खरंच थांबतो का? आणि किती वेळा चुकू देतं?

लॅपटॉपवर संकेतस्थळाची प्रत उभी केली आणि दुपारभर त्यावर खोटे ओटीपी मारत बसलो. पहिल्या दोन प्रश्नांत प्लगिन पास. तिसऱ्यात नापास! सहा आकडी ओटीपी, आणि तो कितीही वेळा चुकवा, काही बंधनच नाही. दहा लाख शक्यता माणसाला फार, पण स्क्रिप्टला काय त्याचं?

लिहिणाऱ्याला तसं कळवलं आणि संध्याकाळी काकांना फोन केला. "हे नको. दुसरं बघू. पण ट्रेकची यादी मात्र संकेतस्थळावर ठेवायलाच नको, प्लगिन कुठलंही असो."

काका म्हणाले, "अरे मग वहीतच ठेवतो की. इतकी वर्षं तेच तर करतोय!"

मी हो म्हटलं.